एका बीजाणूवर नाव ठोकलंस?

तुझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण काल रात्री वाचून काढलं. त्यावर लाल शाईची एकही खूण नाही म्हणून खूश होऊ नकोस. खुणा करून दुरुस्त होण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून केल्या नाहीत. ते प्रकरण पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायचं आहे, आणि का लिहायचं ते आज तुला स्पष्ट सांगणार आहे. वाईट वाटेल. वाटू दे.

तू काय केलंस ते आधी तुझ्यापुढे मांडतो. पंचगंगेच्या काठावरून एक वाळलेलं खोड मोडून आणलंस. त्यावरचा काळसर ठिपका सुईनं खरवडलास, स्लाइड केलीस, आणि त्यात चार टोकांचा एक तपकिरी बीजाणू तुला दिसला. आयपीसला मोबाईल लावून फोटो काढलास. तो फोटो मोबाईलमधल्या ॲपला दाखवलास. ॲपला ओळख पटली नाही, तेव्हा ही बुरशी जगात कुणालाच ठाऊक नाही असं तू ठरवून टाकलंस. प्रजाती नवी, जाती नवी, आणि जातीला नाव दिलंस ‘कोल्हापुरेन्सिस’.

या गावाचं नाव एखाद्या जिवाला कायमचं लावायचं म्हणजे त्यामागे पुरावा उभा करावा लागतो. तुझ्याकडे एक अंधूक फोटो आहे आणि त्या फोटोला मोजपट्टीसुद्धा नाही.

तुझ्या फोटोतला बीजाणू पाहिल्यावर बुरशींवर काम केलेल्या कुणालाही आधी एकच नाव सुचेल: टेट्राप्लोआ. उसाच्या चार कांड्या एकत्र बांधून उभ्या कराव्यात आणि प्रत्येक कांडीच्या शेंड्याला एकेक लांब कुसळ राहावं, तशी हिच्या बीजाणूची घडण असते. पेशींचे चार स्तंभ, बाजूबाजूला जुळलेले, वर थोडे सुटलेले, पृष्ठभाग खरबरीत, आणि प्रत्येक स्तंभाला एक ताठ कुसळ. या प्रजातीतली सर्वांत परिचित जाती टेट्राप्लोआ अरिस्टाटा. इंग्लंडमध्ये बर्कली आणि ब्रूम या दोघांनी तिचं वर्णन १८५० साली छापलं. हा बर्कली म्हणजे बटाट्याच्या करप्यामागे बुरशी आहे असं १८४६ मध्ये ठामपणे मांडणारा पाद्री. तू ‘आजवर कुणीही न पाहिलेली’ असं ज्या बुरशीबद्दल लिहिलंस, तशी बुरशी पावणेदोनशे वर्षं पुस्तकात आहे. उष्ण प्रदेशांत ती गवतांच्या वाळक्या पानांवर, खोडांच्या बुंध्यांवर, उसाच्या पाचटावर सर्रास सापडते. भारतातूनही ती नोंदली गेलेली आहे. मार्टिन एलिस यांचं १९७१ चं ‘डिमॅटिएशियस हायफोमायसीट्स’ आपल्या कपाटात आहे. त्यात तिचं चित्र आहे. सी. व्ही. सुब्रमणियन यांचं ‘हायफोमायसीट्स’ त्याच वर्षीचं, ते शेजारीच आहे. ते कपाट उघडायला तुला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता माझ्या तोंडून नाव ऐकलंस म्हणून आपलं खोडून हे लिहायला धावू नकोस. माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. तुला नावाची घाई आहे. मी फोटो पाहून जे म्हणालो तो अंदाज आहे, ओळख नव्हे.

२००९ साली जपानमध्ये काझुआकी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली. टेट्राप्लोस्फेरिएसी असं नवं कुल मांडलं. त्यात टेट्राप्लोआसारखे दिसणारे पण वेगळे असे गट दाखवले. स्यूडोटेट्राप्लोआमध्येही चार स्तंभ असू शकतात, पण पेशींमधले पडदे खरे नसतात, आभासी असतात. क्वाड्रिक्रुरामध्ये लांब कुसळ वर आणि आखूड उपांगं खाली असतात. ट्रिप्लोस्फेरियामध्ये स्तंभ तीन. म्हणजे चार टोकं मोजून काम भागत नाही. पडदा खरा की आभासी, हे पाहायला ऑइल इमर्शनचं १०० चं भिंग लावावं लागतं, बीजाणू फिरवून चारही बाजूंनी पाहावा लागतो, फोकस वरखाली करत एकेक पातळी वाचावी लागते. तू ४० च्या भिंगावर थांबलास. तेलाची बाटली त्याच टेबलावर होती.

तू काढलेल्या आकृतीत बीजाणूच्या खाली एक जाड दांडा आहे. तो कुठून आला? टेट्राप्लोआला असा वेगळा उभा दांडा नसतो. खोडाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या कवकतंतूवरच तिचे बीजाणू थेट धरतात. तुझ्या फोटोत बीजाणूच्या खालून दुसऱ्याच कुठल्या तरी बुरशीचा तंतू आडवा गेला आहे आणि तू तो दांडा म्हणून जोडून टाकलास. पुस्तकातल्या बऱ्याच बुरशींना दांडा असतो, म्हणून हिलाही असणार असं धरलंस. जे दिसलं नाही ते चित्रात काढायचं नाही. याला मी आळस म्हणत नाही, याहून वाईट म्हणतो. आळशी माणूस जागा रिकामी सोडतो. तू ती खोट्यानं भरलीस.

त्याहून मूळ प्रश्न असा की हा बीजाणू त्या खोडावर वाढला होता हे तुला कुणी सांगितलं? टेट्राप्लोआचे बीजाणू हवेत तरंगतात. हवेतल्या बीजाणूंच्या पाहणीत ते स्लाइडवर ओळखू येतात, कारण त्या आकाराचं दुसरं फारसं काही हवेत नसतं. मराठवाडा विद्यापीठात एस. टी. टिळकांनी हवेतल्या बीजाणूंच्या अभ्यासाची परंपरा उभी केली, त्यांच्या नावाचा टिळक एअर सॅम्पलर त्या कामासाठीच घडला. हवेतून उडालेला बीजाणू नळावर बसतो, उसावर बसतो, तुझ्या सदऱ्यावरही बसतो. एक सुटा बीजाणू सापडला तर एवढंच सिद्ध होतं की तो तिथे पोचला. बुरशी त्या खोडावर राहते, खाते, वाढते हे सांगायचं तर तंतूला चिकटलेले, कोवळे, अर्धे आणि पुरे झालेले बीजाणू एकाच वसाहतीत दिसले पाहिजेत. खोडाचा तुकडा पेट्रीडिशमध्ये ओल्या टिपकागदावर ठेवला असतास तर काही दिवसांत बुरशीनंच उत्तर दिलं असतं. तू खोड खरवडलंस आणि उरलेलं कचऱ्यात टाकलंस. पुन्हा बघायचं म्हटलं तर आज माझ्यासमोर काय आहे? काहीही नाही.

आणि ते खोड कशाचं होतं?

नमुन्याच्या तक्त्यात ‘यजमान वनस्पती’ या रकान्यात तू ‘रीड’ लिहिलं आहेस. वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यानं. आपल्या नदीकाठी आणि तळ्याकाठी उभं राहणारं काय काय आहे ते आठव. नळ आहे, म्हणजे फ्रॅग्मायटिस कर्का. देवनळ आहे, अरुंडो डोनॅक्स. पाणकणीस आहे, ते रंकाळ्याला तू लहानपणापासून पाहिलं असशील, आणि ते गवतसुद्धा नाही, त्याचं कुलच वेगळं. लव्हाळा आहे, त्याचं खोड बोटांत फिरवलं तर तीन धारा लागतात. काठाला लागून उसाचे फड आहेत आणि पुरात वाहून आलेलं उसाचं वाढं नळाच्या बेटांत अडकून राहतं. यांतलं तुझं कोणतं? नळ आणि देवनळ लांबून सारखे दिसतात हे कबूल. म्हणून तर जवळ जायचं. पान खोडाला बिलगतं त्या सांध्यावर बघायचं. नळाला तिथे केसांची झालर असते. देवनळाला पातळ पापुद्रा असतो आणि त्याच्या काठाला बारीक लव. तुरा आला असेल तर काम आणखी सोपं: देवनळाच्या फुलाच्या तुसावरच लांब केस असतात, नळाचं तूस गुळगुळीत आणि केस फुलांच्या दांडीवर. खोड वाळलं होतं, पान नव्हतं, असं म्हणशील. मग त्याच बेटातलं हिरवं खोड आणि तुरा सोबत आणायचा होता.

सूक्ष्म बुरशीच्या अभ्यासात यजमान हा अर्धा पुरावा असतो. मार्टिन आणि पॅमेला एलिस यांचं १९८५ चं ‘मायक्रोफंजाय ऑन लँड प्लांट्स’ उघडून बघ. पुस्तकाचा बहुतांश भाग यजमान वनस्पतींच्या क्रमानं रचलेला आहे. कारण हजारो काळ्या ठिपक्यांमधून वाट काढायची तर पहिला फाटा तिथेच फुटतो. झाड चुकलं की ओळखण्याची पुढची सगळी चावी चुकते.

झाड कळलं तरी भागत नाही. खोडाचा कोणता भाग? उभं होतं की आडवं पडलेलं? पाण्याखाली, पाण्याच्या रेषेवर, की माणसाच्या छातीइतकं वर? बेल्जियममध्ये शेल्ट नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत गुंथर व्हान रायकेगेम आणि अनेमीक व्हर्बेकेन यांनी नळावरच्या बुरशींचा पाठपुरावा केला. पान, पानाचं आवरण, खोड यांवर वेगळी मंडळी, आणि खोडाच्या उंचीनुसारही वस्ती बदलते, हे त्यांनी २००५ च्या सुमारास दाखवून दिलं. आपल्याकडे तर दर पावसाळ्यात पंचगंगा पात्र सोडते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत हे काठ पाण्याखाली होते. ज्या खोडावर गाळाचा थर बसून वाळला आहे त्याच्यावरची बुरशी त्या खोडाचीच, की पुरानं वरून आणलेली, हा प्रश्न तुला पडायला हवा होता. तुझ्या वहीत तारीखसुद्धा नाही. जागेच्या रकान्यात ‘नदीकाठ’. प्रयाग चिखलीच्या संगमापासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे सगळा नदीकाठच आहे.

मोजमापाबद्दल फार बोलत नाही, कारण केलंच नाहीस. आयपीसमधली मोजपट्टी आधी स्टेज मायक्रोमीटरवर जुळवायची, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात शिकवतात. टेट्राप्लोआ अरिस्टाटाच्या बीजाणूची लांबी कुसळं सोडून साधारण २५ ते ४० मायक्रोमीटर असते. कुसळांची लांबी त्याहून कितीतरी कमीजास्त होते. निदान तीसेक बीजाणू मोजल्याशिवाय ही कमीजास्तीची कक्षा हाती येत नाही. एका बीजाणूचं माप म्हणजे माप नव्हे. आणि तपकिरी बीजाणू पहिल्यांदा साध्या पाण्यात बघायचा असतो. तू सरळ लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू ओतलंस आणि रंगाच्या रकान्यात ‘निळसर’ लिहिलंस. तो रंग बाटलीतला आहे.

एक गोष्ट सांगतो, ती डोक्यात कायमची ठेव. आपल्याकडच्या कवकशास्त्राच्या पहिल्या पिढीत एस. एल. आजरेकर होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतलं कवकांचं हर्बेरियम त्यांच्या नावानं आहे. १९२६ मध्ये त्यांनी ज्वारीच्या एका रोगावर लेख लिहिला. कणसातून गोड, चिकट द्रव पाझरतो तो रोग. त्यामागची बुरशी स्फासेलिया आहे हे त्यांनी लिहिलं. ती क्लॅव्हिसेप्सची एक अवस्था असावी असंही त्यांना दिसत होतं, आणि ते त्यांनी शीर्षकातच नोंदवलं, पण त्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवून. एवढा जाणता माणूस, स्वतःच्या लेखाच्या शीर्षकात, सगळ्या देशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांसमोर. कारण क्लॅव्हिसेप्स म्हणायला लागणारी लैंगिक अवस्था हातात नव्हती. ती अवस्था सापडून क्लॅव्हिसेप्स सॉर्घी हे नाव छापून आलं १९७६ साली, कर्नाटकातल्या कुलकर्णी, शेषाद्री आणि हेगडे यांच्या कामातून. मध्ये ५० वर्षं गेली. अंदाज बरोबर होता, तरीही पुरावा येईपर्यंत ते चिन्ह तिथे राहिलं. तुझ्या चाळीस पानांत मला एकही प्रश्नचिन्ह सापडलं नाही.

आपण भेटलो तेव्हा तू म्हणालास की डीएनए करून घेतला की सगळं सिद्ध होईल. कशाचा डीएनए? खरवडलेल्या ठिपक्यात पाच बुरशी असतील तर यंत्र त्यातल्या सगळ्यात जोमदार बुरशीचा अनुक्रम तुला देईल. आधी एकाच बीजाणूपासून शुद्ध संवर्ध वाढवावा लागतो. शिवाय २००६ मध्ये निल्सन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा सार्वजनिक साठ्यातल्या बुरशींच्या अनुक्रमांपैकी सुमारे २० टक्के जातीच्या पातळीवर चुकीच्या नावानं असू शकतात असं निघालं. ती चुकीची नावं कुणी चढवली? तुझ्यासारखीच घाई असणाऱ्यांनी. २०१२ पासून आयटीएस हा बुरशींचा मान्य बारकोड आहे, त्याचा उपयोग मोठा आहे, पण तो डोळ्यांनी केलेल्या कामावर शिक्कामोर्तब करायला. त्या कामाऐवजी नाही.

नवी जाती जाहीर करण्याचेही नियम आहेत. मूळ नमुना कायमचा जतन झालेला हवा, वर्णन प्रसिद्ध झालेलं हवं, आणि १ जानेवारी २०१३ पासून मान्य नोंदणीकेंद्राचा क्रमांक घेतल्याशिवाय बुरशीचं नवं नाव वैध ठरत नाही. तुझ्याकडे नमुनाच नाही. म्हणजे ‘कोल्हापुरेन्सिस’ हे नाव तू कागदावर लिहिलंस त्याच क्षणी ते निराधार होतं.

तुला वाटत असेल, एका ठिपक्यासाठी सर एवढे का तापलेत. जगात बुरशींच्या १५ लाख जाती असाव्यात असा अंदाज हॉक्सवर्थ यांनी १९९१ मध्ये मांडला. २०१७ मध्ये हॉक्सवर्थ आणि ल्युकिंग यांनी तो २२ ते ३८ लाखांवर नेला. नाव मिळालेल्या जाती आहेत दीड लाखाच्या आसपास. म्हणजे खरोखर नवं सापडण्याची शक्यता तुझ्या पायाखाली आहे. आपल्या घाटात, आपल्या नदीकाठी. शिवाजी विद्यापीठातल्या एम. एस. पाटील आणि ए. एन. थिटे यांनी आंबोलीच्या बुरशींवर काम केलं, पुण्यातल्या भिडे, पांडे, साठे, राव, पटवर्धन यांनी १९८७ मध्ये ‘फंजाय ऑफ महाराष्ट्र’ तयार केलं. हे सगळे पावसात भिजत, जळवा काढत, पाकिटावर तारीख आणि झाड लिहीत हिंडले म्हणून आज आपल्याला एखादी गोष्ट नवी की जुनी हे विचारता तरी येतं. त्या यादीत एक खोटी नोंद घुसली की ती पुढच्या पिढीला काढावी लागते, आणि काढायला टाकण्याच्या दहापट कष्ट पडतात. तुझी नजर चांगली आहे. शंभर जण ज्या खोडावरून पुढे गेले असते तिथे तू वाकलास. म्हणूनच तुझा हा निष्काळजीपणा मी सोडून देणार नाही.

आता जे सांगायचं आहे त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. काल दुपारी मला एका शेतकऱ्याचा फोन आला. तू खोड गोळा करत होतास तेव्हा त्यानं तुला विचारलं होतं, हे काळं काय आहे आणि ते माझ्या उसावर येईल का. तू त्याला सांगितलंस की ही नवीन रोगाची बुरशी आहे, ऊस शेजारीच आहे, फवारणी करा. औषधाचं नावही दिलंस, मॅन्कोझेब. टेट्राप्लोआ मेलेल्या पाल्यावर जगते. उसाचा तांबेरा नव्हे ती, काणी नव्हे, लाल कूज नव्हे, पोक्का बोइंग नव्हे. पाचटावर सापडली तरी उभ्या उसाचं काही बिघडवत नाही. आणि समजा ती टेट्राप्लोआ नसेल, दुसरंच काही असेल, तरी त्या क्षणी तुला काय माहीत होतं? तू स्लाइडसुद्धा केली नव्हतीस. त्या माणसानं तुझ्या कॉलेजच्या ओळखपत्रावर विश्वास ठेवला. तो पैसे घालून औषध आणणार, नदीच्या कडेला फवारणार, आणि ते पाण्यात उतरणार. पाण्यातल्या जिवांना ते घातक आहे. त्या पाण्यात मासे आहेत, आणि ते मासे धरून पोट भरणारी घरं आहेत. नाव चुकलं की एवढं सगळं चुकतं.

प्रकरण चौथं मी परत पाठवतो आहे. नव्या पानावर सध्या फक्त इतकंच लिही: चार स्तंभी, कुसळधारी बीजाणू, टेट्राप्लोआ असण्याची शक्यता, पुढे प्रश्नचिन्ह, नमुना अनुपलब्ध. मग त्याच जागी पुन्हा जा. हिरवं खोड, वाळलं खोड, तुरा, तिन्ही एकाच बेटातली आण. उंची मोजून लिही. तुकडे टिपकागदावर ठेव आणि रोज सकाळी बघ. वाढ दिसली तर पाण्यात स्लाइड, मग तेलाचं भिंग, मग मापं, मग संवर्ध. नमुन्याचा एक वाटा पुण्याला आजरेकर हर्बेरियममध्ये जाईल, संवर्ध तिथल्याच राष्ट्रीय कवक संग्रहात. या सगळ्यात सत्र संपलं तरी चालेल, मुदतवाढीच्या अर्जावर सही मी करीन.

पण हे उद्यापासून. आज अंधार पडायच्या आत चिखलीकडे जा, त्या शेतकऱ्याला गाठ, मी चुकीचं सांगितलं, फवारणी करू नका, असं त्याला स्वतःच्या तोंडानं सांग. त्यानं औषध आधीच आणलं असेल तर दुकानदाराला ते परत घ्यायची विनंती कर, आणि तो घेत नसेल तर मला तिथूनच फोन कर.